रेफरन्ससाठी कोणाचे नाव द्यावे, आणि केव्हा?

वाचकाचे पत्र : मी यांत्रिकी अभियंता असून चाकणजवळच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत साडेचार वर्षांपासून डिझाइन विभागात काम करते. त्याआधी तीन वर्षे भोसरीतील एका लहान कारखान्यात होते. सध्या पुण्यातील एका जर्मन कंपनीच्या अभियांत्रिकी केंद्रात माझ्या मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या असून, आता त्यांनी एक फॉर्म पाठवला आहे. त्यात सध्याच्या आणि आधीच्या वरिष्ठांची नावे, ई-मेल व फोन क्रमांक मागितले आहेत. मी दुसरीकडे प्रयत्न करते आहे हे सध्याच्या साहेबांना माहीत नाही, आणि इतक्यात कळू द्यायचेही नाही. भोसरीच्या साहेबांशी शेवटी शेवटी माझे खटके उडत होते. त्यांना फोन गेला तर ते काय सांगतील याचा भरवसा नाही. माझा मावसभाऊ म्हणतो की त्याचा एक मित्र ‘वरिष्ठ’ म्हणून फोनवर बोलेल, हल्ली सगळेच असे करतात. मी काय करावे? आणि सध्याच्या साहेबांना केव्हा सांगावे?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपल्याला आलेला फॉर्म नेमका कोणत्या कामासाठी आहे, हे सर्वांत आधी त्या कंपनीच्या एचआरला विचारून घ्यावे, कारण आपली निम्मी काळजी त्या एका उत्तराने दूर होण्याजोगी आहे. आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी सर्रास ‘रेफरन्स’ या एकाच नावाने ओळखल्या जातात. पहिली म्हणजे निवड पक्की होण्यापूर्वीची चौकशी. तीत नव्या विभागाचा प्रमुख किंवा एचआरमधील एखादी व्यक्ती आपण सुचवलेल्या माणसाला फोन करते, दहा-पंधरा मिनिटे बोलते आणि आपल्या कामाविषयी त्याचे मत जाणून घेते. दुसरी म्हणजे ऑफर दिल्यानंतर होणारे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, जे बहुतेक मोठ्या कंपन्या बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतात. तेथे मुख्यतः नोंदी तपासल्या जातात : रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस, पद, पगार, नोकरी सोडण्याचे कारण, शिस्तभंगाची कारवाई झाली होती का, येणे-देणे बाकी आहे का. या दुसऱ्या तपासणीत पूर्वीच्या साहेबांच्या नाराजीला फारसा वाव नसतो, कारण एजन्सीचा माणूस बहुधा त्यांच्याशी बोलत नाही. तो पूर्वीच्या कंपनीच्या एचआर विभागाला ई-मेल करून ठरावीक तक्ता भरून मागवतो.

सध्याच्या कंपनीची बाब यातून आपोआप सुटते. निवड पक्की होण्याआधी उमेदवाराच्या सध्याच्या वरिष्ठांना फोन करू नये, हा संकेत बहुतेक जबाबदार कंपन्या पाळतात, आणि त्यांच्या फॉर्ममध्ये ‘सध्याच्या कंपनीशी आता संपर्क साधावा का?’ असा रकाना असतो. तेथे निःसंकोचपणे ‘नाही’ लिहावे. असा रकाना नसेल तर साहेबांचे नाव खरे लिहावे, पण फोन क्रमांकाच्या जागी ‘राजीनामा दिल्यानंतर संपर्क साधावा, कृपया त्यापूर्वी नको’ असे लिहावे आणि हाच मजकूर एचआरला वेगळ्या ई-मेलनेही कळवावा. फॉर्म एका हातातून दुसऱ्या हातात जाताना अशा सूचना गळतात, पण ई-मेलची नोंद राहते. एवढे कळवल्याने आपली निवड धोक्यात येईल असे वाटण्याचे कारण नाही, कारण ज्यांना माणसे नेमायची आहेत त्यांनाही हा प्रसंग रोजचा आहे. लेखी विनंतीनंतरही एखादी कंपनी आजच फोन करण्याचा हट्ट धरत असेल, तर ती पुढे आपल्या अडचणींची किती कदर करील, याचा अंदाज आपण बांधू शकता.

मग निवडीपूर्वीच्या चौकशीसाठी नावे कोणाची द्यावीत? येथे आपल्याकडील उमेदवार पदनामाला भुलतात. ज्यांनी आपल्याला दोन-चार बैठकांपलीकडे पाहिलेले नाही, अशा सरव्यवस्थापकांचे नाव दिले जाते; ते प्रेमाने ‘हो हो, चांगली मुलगी आहे’ एवढे सांगतात, आणि पुढच्या प्रश्नाला अडखळतात. फोन करणारा अनुभवी असेल तर त्या अडखळण्याची नोंद घेतो. त्यापेक्षा आपले काम ज्याने रोज पाहिले आहे आणि ज्याला त्यातील एखाद-दोन गोष्टी तपशिलाने सांगता येतील, असा माणूस हुद्द्याने एक पायरी खाली असला तरी चालेल. आपल्या सध्याच्या विभागातून गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी वरिष्ठ दुसऱ्या कंपनीत गेले असतील, तर ते नाव सर्वांत उत्तम, कारण त्यांना आपले अलीकडचे काम माहीत असते आणि त्यांच्याकडून बातमी फुटण्याची शक्यता कमी असते. डिझाइनमधील माणसाचा क्वालिटी, टूलरूम आणि परचेस या विभागांशी सतत संबंध येतो, तेव्हा त्या विभागातील एखादे जुने, आता कंपनीबाहेर असलेले सहकारीही चालतील. ग्राहक-कंपनीच्या अभियंत्याचे नाव मात्र विचार करूनच द्यावे. त्याची साक्ष वजनदार असते हे खरे, परंतु आपल्या सध्याच्या कंपनीशी त्याचे रोजचे बोलणे असते, आणि व्यवहार चालू असताना त्याला या भानगडीत ओढणे त्याच्याही सोयीचे नसते. नातेवाईक, शेजारी, ओळखीचे नगरसेवक यांची नावे येथे उपयोगाची नाहीत.

नाव देण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते. कारखान्यांच्या कार्मिक विभागात घालवलेल्या वर्षांत मी असे कितीतरी फोन केले आहेत, ज्यांत पलीकडच्या माणसाला आपले नाव कोणी दिले आहे याचा पत्ताच नव्हता. तो माणूस गोंधळतो, सावध होतो, आणि सावध माणूस कोरडे बोलतो. शिवाय दुसऱ्याचा खासगी क्रमांक न विचारता तिसऱ्याला देणे हे शिष्टाचारातही बसत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाल्यापासून कंपन्याही याबाबत अधिक काटेकोर होत चालल्या आहेत. परवानगी मागताना नकार देण्याची वाट मोकळी ठेवावी. व्हॉट्सॲपवर ‘सर, रेफरन्स द्याल का?’ एवढेच विचारले तर संकोचाने कोणीही ‘हो’ म्हणतो, आणि अर्ध्या मनाने दिलेला रेफरन्स नसल्यापेक्षा वाईट ठरतो. आधी फोन करावा, आणि नंतर पुढीलप्रमाणे संदेश पाठवावा :

‘सर, नमस्कार. आपल्याशी बोलल्याप्रमाणे मी एका कंपनीत सीनियर डिझाइन इंजिनिअर या पदासाठी प्रयत्न करत आहे. माझ्या कामाविषयी आपल्याला मोकळेपणाने आणि चांगले बोलता येईल असे वाटत असेल, तरच आपले नाव व क्रमांक देईन. काही कारणाने शक्य नसेल तर अवश्य सांगा, मी गैरसमज करून घेणार नाही. पदाची माहिती आणि माझा बायोडेटा सोबत पाठवत आहे. आपल्या हाताखाली मी ब्रॅकेटच्या फेररचनेचे आणि पुरवठादाराकडील साच्यातल्या दुरुस्त्यांचे काम केले होते, त्याविषयी ते विचारतील असे वाटते. फोन बहुधा पुढच्या आठवड्यात येईल. ही गोष्ट सध्या आपल्यापुरतीच ठेवावी, ही विनंती.’

या संदेशात कामाची आठवण करून दिली आहे, ती मुद्दाम. तीन वर्षांपूर्वी आपण काय केले होते हे आपल्याला लख्ख आठवते, पण साहेबांना त्यानंतर दहा माणसे सांभाळावी लागलेली असतात. मात्र ‘असे असे सांगा’ म्हणून उत्तरे पढवू नयेत. पढवलेले बोलणे फोनवर लगेच ओळखू येते. आणि फोन कोणत्या कंपनीकडून, साधारण कोणत्या दिवशी येईल हे आवर्जून कळवावे. कर्जाच्या आणि क्रेडिट कार्डाच्या फोनांनी लोक इतके त्रस्त झाले आहेत की अनोळखी क्रमांक आता कोणी उचलत नाही, आणि दोन-तीनदा फोन न उचलला गेल्यामुळे नेमणूक आठवडाभर अडकून पडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

आता भोसरीच्या साहेबांविषयी. त्यांचे नाव मताच्या चौकशीसाठी देण्याचे आपल्यावर बंधन नाही, परंतु फॉर्ममध्ये ‘तेव्हाचे रिपोर्टिंग मॅनेजर’ असा स्पष्ट रकाना असेल तर तेथे दुसऱ्या कोणाचे नाव लिहू नये. नाव खरे द्यावे आणि त्याच वेळी एचआरशी बोलताना एक सरळ वाक्य स्वतःहून सांगून टाकावे : ‘शेवटच्या काही महिन्यांत कामाच्या वेळापत्रकावरून आमच्यात मतभेद होते, माझ्या तांत्रिक कामाविषयी त्याच कारखान्यातील उत्पादन विभागाच्या प्रमुखांशीही बोलावे, त्यांचा क्रमांक देत आहे.’ मतभेदाचे खरे कारण जे असेल तेच सांगावे, पण दोन वाक्यांच्या पुढे जाऊ नये. आपण आधीच सांगितलेली गोष्ट नंतर फोनवर कळली तर ती जुनी बातमी असते, आणि आपण दडवलेली गोष्ट कळली तर मूळ भांडण बाजूला राहून दडवणेच डोळ्यांत भरते. त्या साहेबांचे दोष सांगण्याचा मोह मात्र आवरावा, मग ते कितीही खरे असोत. ऐकणाऱ्याला त्यातील एवढेच लक्षात राहते की उद्या ही आपल्याविषयीही असेच बोलेल.

आपण लिहिता की ते काय सांगतील याचा भरवसा नाही. यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण ही भीती अनेकांना असते आणि ती प्रत्यक्षापेक्षा मोठी असते. चार-पाच वर्षांनी आलेल्या फोनवर जुना राग उगाळत बसणारे वरिष्ठ असतात, नाही असे नाही. पण बहुतेकांचा राग तोवर निवलेला असतो, आणि परक्या कंपनीसमोर आपण सूडबुद्धीचे दिसू नये याची त्यांनाही काळजी असते. खरा धोका उघड निंदेत नसून ‘संधी मिळाल्यास यांना पुन्हा कामावर घ्याल का?’ या प्रश्नानंतरच्या शांततेत असतो, कारण फोन करणारे जवळजवळ हमखास हा प्रश्न विचारतात आणि त्याच्या उत्तराला सर्वाधिक महत्त्व देतात. म्हणून, शक्य असेल आणि खटके फार विकोपाला गेलेले नसतील, तर आपणच त्यांना एकदा फोन करावा. जुने काही उकरून काढू नये, माफीही मागायला नको. ‘सर, व्हेरिफिकेशनसाठी आपल्याला फोन येण्याची शक्यता आहे, म्हणून कळवले’ इतके पुरे. आपण फोन केला या एका गोष्टीनेही बऱ्याच माणसांचा स्वर बदलतो. कायद्याचा आधार घ्यावा का, असे काही वाचक विचारतात. जाणूनबुजून खोटे बोलून कोणाची अब्रू घालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, परंतु सद्भावनेने आणि समोरच्याच्या हितासाठी दिलेल्या मताला त्याच कलमातील अपवादांचे संरक्षण मिळू शकते. फोनवरील खासगी संभाषण सिद्ध करणेही कठीण असते, त्यामुळे नोकरी शोधताना या वाटेला जाऊ नये असेच माझे मत आहे.

मावसभावाच्या सूचनेचा विचारही करू नये. सगळे असे करत नाहीत. आणि जे करतात त्यांच्यातील पकडले गेलेले लोक ती हकीकत मित्रांना सांगत नाहीत, म्हणून सगळ्यांचे निभावते असा समज पसरतो. रेफरन्स देणाऱ्याचा कंपनीचा अधिकृत ई-मेल मागणे, लिंक्डइनवर त्याचा हुद्दा व वर्षे जुळतात का हे पाहणे, कंपनीच्या मुख्य क्रमांकावर फोन करून तेथून त्या व्यक्तीला जोडून देण्यास सांगणे, या अगदी प्राथमिक गोष्टी आहेत. त्यापुढे ‘त्या वेळी विभागात कितीजण होते, कोणते सॉफ्टवेअर वापरत होता’ असा एक साधा प्रश्न आला की मावसभावाचा मित्र गडबडतो. पकडले गेल्यास केवळ ही नोकरी जात नाही. नेमणूकपत्रात बहुधा असे कलम असते की दिलेली माहिती खोटी आढळल्यास केव्हाही, म्हणजे रुजू झाल्यावर दोन वर्षांनीही, सेवा समाप्त करता येईल. जुन्या साहेबांशी खटके उडणे हा आपला दोष नव्हता असे आपण कोणालाही पटवून देऊ शकता. तोतया साहेब उभा करण्याचे समर्थन कोणापुढेही करता येणार नाही.

आपण ज्या कंपनीत जाऊ पाहता ती जर्मन आहे, म्हणून एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला मालकाकडून लेखी प्रमाणपत्र मिळवण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्याने मागणी केल्यास त्यात कामाचा व वर्तनाचा शेराही द्यावा लागतो. हा शेरा सहृदय असावा, पण खरा असावा, अशी तेथील न्यायालयांची अपेक्षा असल्याने मालकवर्गाने सौम्य शब्दांची एक उतरंडच तयार केली आहे. ‘काम आमच्या पूर्ण समाधानाचे होते’ हे वाक्य आपल्याला स्तुती वाटेल, पण तेथे तो मध्यम प्रतीचा शेरा समजतात, आणि तेथील संघराज्य श्रम न्यायालयाने २०१४ साली एका निकालात तसेच धरले. उलट आपल्याकडील अनुभवपत्र म्हणजे बहुधा शाळा सोडल्याच्या दाखल्यातील ‘वर्तणूक : चांगली’ असते, ते सगळ्यांना सारखेच मिळते आणि त्यावरून कोणाला काही कळत नाही. पुण्यातील केंद्राचे एचआर आपल्याकडचेच असेल आणि त्यांना हे ठाऊक असेल; पण मुलाखत घेणारा प्रमुख जर्मनीतून आलेला असेल तर ‘समाधानकारक’ यासारखा गुळमुळीत शब्द त्याच्या कानाला वेगळा लागू शकतो. त्यामुळे रेफरन्स देणाऱ्यांना, विशेषणांपेक्षा आपण कोणती अडचण कशी सोडवली हे सांगितले तर बरे होईल, असे सुचवून ठेवण्यास हरकत नाही.

कागदपत्रांची बाजू आता, फॉर्म भरण्याच्या आधीच, तपासून घ्यावी, कारण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ऑफर साहेबांच्या निंदेने नव्हे, तर तारखांच्या गोंधळाने अडल्या. पीएफ कापला जात असेल तर यूएएन या पीएफच्या कायम क्रमांकाने ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, पोर्टलवर जाऊन ‘सर्व्हिस हिस्ट्री’ पाहावी. लहान कारखान्यांतून अनेकदा सोडल्याची तारीख नोंदवलीच जात नाही, आणि मग पडताळणी करणाऱ्याला असे दिसते की आपण एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करत होता. ही तारीख स्वतः नोंदवण्याची सोय जानेवारी २०२० पासून उपलब्ध आहे; नोकरी सोडून दोन महिने झाल्यानंतर ती वापरता येते, आणि त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल चालू असावा लागतो. बायोडेटातील तारखा, रिलीव्हिंग लेटरमधील तारखा आणि पीएफमधील तारखा एकमेकींशी जुळवून पाहाव्यात, आणि जेथे फरक असेल तेथे त्याचे कारण आधीच कळवावे. भोसरीचा कारखाना बंद पडला असेल किंवा तेथे आता उत्तर देणारे कोणी नसेल, तर पगारपत्रके, फॉर्म १६ आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे यांवरही एजन्सी काम भागवतात. वेतनवाढीची आणि कौतुकाची पत्रे जपून ठेवावीत. पण आपण डिझाइनमध्ये आहात, तेव्हा त्यांच्याबरोबर कंपनीची ड्रॉइंग्ज किंवा ग्राहकांचे ई-मेल स्वतःच्या खासगी खात्यावर पाठवू नयेत. चांगले काम दाखवण्याच्या भरात गोपनीयतेचा भंग झाला, तर कौतुकाच्या पत्रांचा काहीही उपयोग होणार नाही.

राहता राहिले सध्याचे साहेब. पगार, पद, रुजू होण्याची तारीख आणि अटी लिहिलेले ऑफर लेटर हाती येईपर्यंत त्यांना काहीही सांगू नये. ‘तुमचे झाल्यासारखेच आहे’ असे एचआरने फोनवर सांगितले म्हणून तर नकोच. ऑफर व्हेरिफिकेशनवर अवलंबून असल्याची अट त्यात जवळजवळ नेहमी असते, म्हणून त्यातील कोणती तपासणी राजीनाम्यापूर्वी पुरी होऊ शकेल हे विचारावे आणि भोसरीच्या नोकरीची व पदवीची तपासणी तेवढ्यात उरकून घ्यावी. त्यानंतर राजीनाम्याचा ई-मेल पाठवण्याआधी साहेबांना त्यांच्या केबिनमध्ये भेटून सांगावे. इतरांकडून किंवा सिस्टीमवर आलेल्या सूचनेतून त्यांना ते कळू नये. चाकणच्या पट्ट्यातील अनेक कंपन्यांत नोटीस पीरियड दोन-तीन महिन्यांचा असतो. या काळात हातातली कामे आणि चालू प्रकल्पांची माहिती पुढच्या माणसाकडे नीट सोपवावी, कारण सध्याच्या कंपनीचे व्हेरिफिकेशन आपण गेल्यानंतर होणार आहे आणि तेव्हाचे उत्तर बरेचसे या शेवटच्या आठवड्यांतच ठरते. निघताना त्यांच्याकडेच, त्यांच्या वैयक्तिक क्रमांकासह, पुढे केव्हा तरी रेफरन्ससाठी नाव देण्याची परवानगी मागून ठेवावी. आणि आता ज्यांची नावे देणार आहात त्यांना, निवड झाली किंवा नाही झाली तरी, निकाल कळल्याच्या दिवशीच फोन करावा.